उबवणी पेटीच्या नोंदी : मळ्यातल्या घरी गावरान अंड्यांच्या दोन खेपा

२९ डिसेंबर २०२३

आईकडे आजच्या घडीला नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. दिवाळीपूर्वी हाच आकडा सतरा होता. मुंगुसाने आणि एका रात्री उघड्या राहिलेल्या खुराड्याने तो निम्म्यावर आणला. पुन्हा संख्या वाढवायची तर कोंबडी खुडूक बसण्याची, म्हणजे अंडी उबवायला बसण्याची, वाट पाहावी लागते, आणि आमच्या जुन्नर तालुक्यातल्या थंडीत कोंबड्या क्वचितच खुडूक बसतात. एखादी बसलीच, तर एकवीस दिवस अंड्यांवर आणि पुढे दीड-दोन महिने पिल्लांमागे जातात, आणि तेवढा काळ तिची अंडी बंद राहतात. हॅचरीतून पिल्ले विकत आणणे सोपे आहे, परंतु ती बहुतेक संकरित असतात. त्यांच्या माद्या अंडी जास्त देतात, मात्र अंड्यांवर बसण्याची वृत्ती त्यांच्यात फारशी उरलेली नसते. आईच्या कोंबड्या तिच्या सासूने पाळलेल्या कोंबड्यांच्याच वंशातल्या आहेत. हा वंश घरात टिकावा, एवढ्यासाठी उबवणी पेटी तयार करायचे ठरवले आहे.

तीन अटी मी स्वतःवर घालून घेतल्या आहेत. खर्च हजार रुपयांच्या आत राहिला पाहिजे, प्रत्येक वस्तू नारायणगाव किंवा आळेफाट्याच्या बाजारात मिळाली पाहिजे, आणि मळ्यात वीज जाणे हे रोजचेच असल्यामुळे वीज गेली तरी अंडी तीन-चार तास तग धरली पाहिजेत.

३१ डिसेंबर २०२३

औषधांच्या दुकानात लसी ज्या थर्माकोलच्या खोक्यातून येतात, तसे एक खोके विनामूल्य मिळाले. आतून ते ४५ सेंटिमीटर लांब, ३५ सेंटिमीटर रुंद आणि तेवढेच उंच असून त्याची भिंत अडीच सेंटिमीटर जाडीची आहे. एवढ्या पृष्ठभागातून किती उष्णता बाहेर जाईल याचा ढोबळ हिशेब केला. पहाटे बाहेर १२ अंश आणि आत ३७.५ अंश असताना भिंतींतून सुमारे २६ वॅट आणि हवेच्या भोकांतून आणखी सात-आठ वॅट निघून जातील, तर दुपारी २८ अंशांना एकूण पंधरा वॅटही पुरतील. त्यामुळे ४० वॅटचा एकच बल्ब घेण्याऐवजी २५ वॅटचे दोन जुन्या पद्धतीचे तारेचे बल्ब समांतर जोडायचे ठरवले, म्हणजे एक गेला तरी दुसऱ्यावर निदान दिवस निभावेल. एलईडी बल्ब या कामाला निरुपयोगी आहेत, कारण ते पुरेशी उष्णता देत नाहीत. तारेचे बल्ब आता सहज मिळत नाहीत. तीन दुकाने फिरल्यावर चौथ्या दुकानात मिळाले.

२ जानेवारी २०२४

आज जोडणी केली. तापमान राखण्यासाठी डब्ल्यू १२०९ या नावाने मिळणारा छोटा थर्मोस्टॅट घेतला आहे. तो १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो, त्याच्या लांब वायरीच्या टोकाला धातूच्या टोपणातला सेन्सर असतो, आणि त्यावरील रिले बल्बची २३० व्होल्टची वायर जोडतो आणि तोडतो. त्याच अडॅप्टरवर जुन्या संगणकातून काढलेला पंखा चालतो. पंखा पाहिजेच. तो नसेल तर गरम हवा झाकणाखाली साचते, तळाशी गारवा राहतो आणि एकाच पेटीत दोन हवामाने तयार होतात.

थर्माकोल पेट घेणारा पदार्थ आहे आणि बल्बच्या काचेजवळ तो लगेच मऊ पडतो, म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बल्बभोवती आडोसा केला आणि पत्रा व भिंत यांत दोन बोटांचे अंतर ठेवले. या आडोशाचा दुसरा उपयोग असा, की बल्बची सरळ धग अंड्यांवर किंवा सेन्सरवर पडत नाही. सेन्सरवर उजेड पडला तर तो हवेचे नव्हे, त्या धगेचे तापमान सांगतो. २३० व्होल्टचे सर्व सांधे पेटीच्या बाहेर प्लास्टिकच्या डबीत घेतले आहेत, आणि पिन काढल्याशिवाय डबी उघडायची नाही असे घरातल्या सर्वांना सांगून ठेवले आहे.

आजवरचा खर्च असा : थर्मोस्टॅट १६० रुपये, अडॅप्टर १७०, पंखा ६०, दोन बल्ब ४०, दोन होल्डर ५०, तापमान आणि आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळवजा यंत्र २८०, वायर, पिन आणि बटण ९०, तळाची जाळी ४०. एकूण ८९० रुपये झाले.

५ जानेवारी २०२४

पेटी तीन दिवस रिकामी चालवली. पहिल्या दिवशी तापमान ३५.५ ते ३७.५ यांच्यामध्ये हेलकावे खात होते. त्याचे कारण थर्मोस्टॅटच्या मूळ मांडणीत सापडले : बल्ब बंद झाल्यावर पुन्हा लागण्यासाठी किती अंश उतरावे लागतील ते ‘पी १’ या खुणेखाली ठरते, आणि ते कारखान्यातून दोन अंश ठेवलेले असते. ते ०.३ केले. ०.१ करून पाहिले तेव्हा रिले मिनिटाला दोन-तीनदा वाजू लागला. अशाने त्याचे सांधे लवकर झिजतील, म्हणून ०.३ वरच थांबलो.

एक गोष्ट मनात राहिली आहे. थर्मोस्टॅट ३७.५ दाखवतो तेव्हा शेजारचे छोटे यंत्र ३७ दाखवते. दोघांत अर्ध्या अंशाचा फरक आहे. थर्मोस्टॅटचा सेन्सर अंड्यांच्या उंचीवर आहे आणि यंत्र कोपऱ्यात आहे, म्हणून हा फरक जागेचा असावा असे मी धरून चाललो आहे.

८ जानेवारी २०२४

संध्याकाळी सहा वाजता चोवीस अंडी मांडली. अठरा घरची आणि सहा शेजारच्या मळ्यातली आहेत. सर्व अंडी सात दिवसांच्या आतली असून ती माजघराच्या गार कोपऱ्यात, टोकदार बाजू खाली करून ठेवली होती. अंडी धुतली नाहीत, कारण धुण्याने कवचावरचा नैसर्गिक लेप जातो आणि सूक्ष्म छिद्रांतून जंतू आत शिरतात; फार मळलेली तीन अंडी बाजूला काढून घरात खायला दिली. प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला आहे. दिवसातून पाच वेळा अंडी उलटायची आहेत. ही संख्या विषम ठेवण्याचे कारण असे, की रात्रीचा सर्वांत लांब काळ एका रात्री फुलीवर आणि दुसऱ्या रात्री गोलावर जातो. अंडे एकाच स्थितीत पडून राहिले तर बलक वर तरंगतो आणि त्यावर वाढणारा गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो.

तीन अंड्यांवर क्रमांक टाकून, औषधे मोजण्यासाठी घेतलेल्या लहान काट्यावर त्यांचे वजन केले. पहिले ४४.२ ग्रॅम भरले. पाण्याच्या दोन वाट्या तळाशी ठेवल्या असून आर्द्रता ५५ टक्के दिसते आहे.

११ जानेवारी २०२४

सर्व सुरळीत आहे. पहाटे पाचला बाहेर ९ अंश, आत ३७.४.

१५ जानेवारी २०२४

संक्रांतीचा तिळगूळ झाल्यावर रात्री दिवे मालवून अंडी पाहिली. पुठ्ठ्याच्या खोक्याला अंड्याहून लहान भोक पाडून आत टॉर्च ठेवली आणि अंड्याची बोथट बाजू त्या भोकावर धरली. चांगल्या अंड्यात तांबूस उजेडामध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्या पसरलेल्या दिसतात आणि त्यांच्या मध्यभागी एक काळा ठिपका असतो. तो गर्भाचा डोळा. एका अंड्यात तो ठिपका हलला. आईने ते अंडे हातात घेऊन बराच वेळ पाहिले. आजवर तिने शेकडो पिल्ले काढली असतील, पण अंड्याच्या आत तिने आज प्रथमच पाहिले.

चार अंडी निखळ स्वच्छ, म्हणजे वांझ निघाली. दोन अंड्यांत रक्ताची गोल कडी दिसली. असा गर्भ पहिल्या काही दिवसांतच मेलेला असतो. सहाही अंडी काढून टाकली. अठरा उरली.

१८ जानेवारी २०२४

काल रात्री साडेअकराला वीज गेली आणि पहाटे सव्वातीनला आली. पेटीवर गोधडी टाकली, मात्र हवेची भोके मोकळी ठेवली. कडक पाण्याच्या चार बाटल्या फडक्यात गुंडाळून अंड्यांच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या आणि पाणी कोमट झाले की बदलत राहिलो. तापमान ३४ अंशांच्या खाली गेले नाही. गारठ्यापेक्षा अतिउष्णता गर्भाला कितीतरी अधिक घातक असते. कोंबडीसुद्धा दाणे टिपायला दिवसातून उठतेच आणि तेवढा वेळ अंडी निवतात. तरीही रात्रभर जागून बाटल्या बदलणे ही टिकणारी व्यवस्था नाही. दुसरी सोय करावी लागेल.

२२ जानेवारी २०२४

चौदावा दिवस. एका अंड्यात हालचाल नाही आणि रक्तवाहिन्या पुसट झाल्या आहेत. ते काढले. सतरा राहिली.

२६ जानेवारी २०२४

अठरावा दिवस. आजपासून अंडी उलटणे बंद केले, आर्द्रता वाढवण्यासाठी ओला स्पंज ठेवला आणि जाळीवर जुने सुती कापड अंथरले, म्हणजे ओल्या पिल्लांचे पाय घसरणार नाहीत.

वजनाने मात्र चिंता वाढवली आहे. अंड्यातले पाणी कवचाच्या छिद्रांतून हळूहळू उडून जाते आणि अठराव्या दिवसापर्यंत वजन साधारण ११ ते १३ टक्क्यांनी उतरले पाहिजे. त्या प्रमाणात बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते, आणि पिल्लू आपला पहिला श्वास त्या पोकळीतच घेते. ४४.२ ग्रॅमचे अंडे आज ३८.९ च्या आसपास भरायला हवे होते, ते ४०.६ भरले, म्हणजे घट फक्त आठ टक्के झाली. उरलेल्या दोन्ही अंड्यांची स्थिती तशीच आहे. यंत्रावर मी रोज ५५ पाहिले, मग पाणी उडाले का नाही, याचा उलगडा होत नाही.

२९ ते ३१ जानेवारी २०२४

एकविसावा दिवस कोणत्याही हालचालीविना गेला. ३० तारखेला दुपारी पहिल्या अंड्यावर बारीक चीर दिसली आणि रात्री दहाला पहिले पिल्लू बाहेर आले. ३१ तारखेच्या संध्याकाळपर्यंत एकूण नऊ पिल्ले निघाली. त्यांतली दोन पोटाने फुगीर आणि पायांवर डळमळीत होती.

एका अंड्याबाबत माझ्याकडून चूक झाली. टोचा, म्हणजे पिल्लाच्या चोचीने पडलेली पहिली चीर, पडून चौदा तास झाले तरी पुढे काही होत नाही असे पाहून मी झाकण तीन वेळा उघडले. प्रत्येक वेळी आतली दमट हवा निघून गेली, चिरेखालचा पांढरा पापुद्रा वाळून चिवट झाला आणि पिल्लाच्या पिसांना चिकटला. आई मागून म्हणत होती, “हात लावू नकोस, त्याचं ते येईल.” त्या पिल्लाला फिरता आले नाही आणि ते आतच गेले. टोचा पडल्यापासून बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास लागणे स्वाभाविक असते, कारण त्या वेळात पिल्लू कवचाकडील रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असते. हे मी वाचलेले होते, आणि तरीही झाकण उघडले.

१ फेब्रुवारी २०२४

न फुटलेली आठही अंडी ओट्यावर कागद पसरून एकेक करून उघडली. पाच अंड्यांत पिल्लू पूर्ण वाढलेले होते; त्यांतले एक ते चिकटलेले. चौघांची हवेची पोकळी लहान होती आणि आत ओल बरीच होती. दोघांचा बलक पोटात पूर्ण ओढला गेलेला नव्हता. दोन अंड्यांतली वाढ दोन आठवड्यांच्या सुमारास थांबली होती आणि एक त्याआधीच गेले होते.

चोवीस अंड्यांतून नऊ पिल्ले हाती लागली. फळलेली वीस धरली तर शेकडा ४५. उशिरा फुटणे, फुगीर पोट आणि न ओढलेला बलक ही सारी लक्षणे पेटी थंड असण्याकडे बोट दाखवतात. लहान पोकळी आणि आतली ओल ही आर्द्रता जास्त असल्याची खूण आहे. दोन्ही यंत्रे मात्र तीन आठवडे सर्व काही ठीक असल्याचे सांगत होती. म्हणजे आता यंत्रांचीच तपासणी करायला हवी.

३ फेब्रुवारी २०२४

ताप मोजण्याचे डिजिटल थर्मामीटर घरोघरी असते, आणि ३७ अंशांच्या आसपास ते ०.१ अंशापर्यंत विश्वासार्ह असते. उबवणीला लागणारे तापमान नेमके त्याच टप्प्यातले आहे. स्टीलच्या तांब्यात कोमट पाणी घेतले, थर्मोस्टॅटचा सेन्सर आणि थर्मामीटरचे टोक रबराने एकत्र बांधून पाण्यात सोडले, आणि पाणी ढवळत राहिलो. थर्मामीटरने ३७.५ दाखवले तेव्हा थर्मोस्टॅटवर ३८.२ होते. तीन वेळा केले आणि तिन्ही वेळा तेवढाच फरक आला. याचा अर्थ, पहिल्या खेपेत माझी अंडी तीन आठवडे ३६.८ अंशांवर राहिली. कोपऱ्यातले ते छोटे यंत्र ३७ दाखवत होते आणि तेच खऱ्याच्या अधिक जवळ होते. मी त्याला जागेचा फरक म्हणून बाजूला सारले होते.

आर्द्रतेची तपासणी मिठाने होते. बाटलीच्या टोपणात जाडे मीठ घेऊन ते ओल्या वाळूइतके भिजवले, टोपण आणि यंत्र एका हवाबंद डब्यात ठेवले, आणि डबा बारा तास उघडला नाही. अशा डब्यात हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. यंत्राने ६६ दाखवले. म्हणजे ५५ वाचून मी समाधानी होतो तेव्हा पेटीत प्रत्यक्षात ६४ च्या आसपास आर्द्रता होती.

थर्मोस्टॅटमध्ये ‘पी ४’ या खुणेखाली दुरुस्ती भरता येते. तेथे उणे ०.७ भरले. आर्द्रतेच्या यंत्रावर ‘+९’ असे लिहून चिठ्ठी चिकटवली. या सगळ्या दुरुस्तीला एक रुपयाही लागला नाही आणि अंडी मांडण्यापूर्वी ती एका दुपारी झाली असती. जो कोणी ही पेटी करील त्याने खोके कापण्याआधी तांब्या आणि ताप मोजण्याचे थर्मामीटर घेऊन बसावे, एवढे मला कळकळीने सांगायचे आहे.

तपासणी चालू असताना आई शेजारी बसली होती. सकाळी खुराड्यातून आणलेले अंडे ती सवयीने गालाला लावून पाहते, आणि ते किती वेळापूर्वीचे आहे याचा तिचा अंदाज सहसा चुकत नाही. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या अंडे पापणीला लावून ऊब ओळखत आले आहेत. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने त्या भट्ट्यांचा अभ्यास करून १७४९ साली कृत्रिम उबवणीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पाणी गोठण्याला शून्य आणि उकळण्याला ८० अंश धरणारी तापमापनश्रेणीही त्याचीच, आणि ती त्याने त्याआधीच मांडली होती. तापमापक करणारा माणूस अंड्यांकडे वळला, याचे मला आज विशेष वाटले.

५ फेब्रुवारी २०२४

पेटीत दोन बदल केले. पहिला बदल अंडी उलटण्याचा. आतापर्यंत दिवसातून पाच वेळा झाकण उघडावे लागत असे. आता लाकडी पट्ट्यांची, तळ नसलेली, चौकोनी घरे असलेली चौकट जाळीवर ठेवली आहे आणि तिला जोडलेली सायकलची स्पोक भिंतीतून बाहेर काढली आहे. गावरान अंड्याचा आडवा व्यास साधारण चार सेंटिमीटर असतो, म्हणून त्याचा घेर साडेबारा सेंटिमीटर भरतो. स्पोक सहा सेंटिमीटरांहून किंचित जास्त ओढली की प्रत्येक अंडे अर्धे गडगडते. पुढच्या वेळी तीच स्पोक आत ढकलायची. झाकणात चौकोन कापून काच बसवली आहे, त्यामुळे फुली आणि गोल बाहेरून दिसतात.

दुसरा बदल वीज जाण्यासाठी. फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी या दिवसांत बहुतेक वेळ मोकळीच असते. मोटरसायकलच्या इंडिकेटरसारखा १२ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब पेटीत बसवला. वीज गेली की पंखा, थर्मोस्टॅट आणि हा बल्ब बॅटरीवर घ्यायचा आणि गोधडी टाकायची. बॅटरी पूर्ण भरलेली असताना साडेतीन तास चालली; त्यानंतर बल्ब मंद होऊ लागला तेव्हा मी थांबलो, कारण बॅटरी पार रिकामी केली तर ती खराब होते. बल्ब आणि होल्डर मिळून ४५ रुपये लागले, म्हणजे एकूण खर्च ९३५ रुपयांवर गेला.

६ फेब्रुवारी २०२४

दुसरी खेप, पुन्हा चोवीस अंडी. पाण्याची एकच वाटी ठेवली आहे. दुरुस्तीसह आर्द्रता ५२ येते.

१० फेब्रुवारी २०२४

आईची तांबडी कोंबडी खुडूक झाली आणि ७ तारखेच्या रात्री तिच्याखाली नऊ अंडी ठेवली. आज अंधार पडल्यावर, आईच्या परवानगीने, थर्मोस्टॅटसारखाच दुसरा तपासलेला सेन्सर हळूच तिच्याखाली सरकवला. कोंबडी एकदा गुरगुरली आणि शांत झाली. तिच्या पोटाच्या कातडीला टेकलेल्या अंड्याच्या माथ्यावर ३९.३ अंश होते, आणि पंखांच्या कडेला असलेल्या अंड्याच्या बाहेरच्या बाजूला ३५.८. एकाच घरट्यात साडेतीन अंशांचा फरक असताना तिची बहुतेक सारी अंडी फुटतात, याचे कारण पुढच्या वीस मिनिटांत दिसले : ती किंचित उठली, चोचीने कडेचे एक अंडे स्वतःकडे ओढले, मधले बाहेर सारले आणि पुन्हा बसली. पेटीतल्या अंड्यांना ही अदलाबदल मिळत नाही, म्हणून पेटीत हवा सगळीकडे सारखी राहणे आवश्यक ठरते. तरीही उद्यापासून दिवसातून एकदा, पाणी भरण्यासाठी झाकण उघडावेच लागते तेव्हा, कडेची चार अंडी मध्ये आणि मधली कडेला घेण्याचे ठरवले आहे.

१३ फेब्रुवारी २०२४

तीन वांझ, एक रक्ताची कडी. वीस उरली. पहिल्या खेपेच्या तुलनेत सातव्या दिवसाची वाढ नजरेला स्पष्ट पुढे दिसते; रक्तवाहिन्या दाट आहेत.

१६ फेब्रुवारी २०२४

पहाटे अडीच तास वीज नव्हती. बॅटरीवर घेतले आणि तापमान ३६.९ च्या खाली आले नाही. फक्त दोनदा उठून पाहिले.

२० फेब्रुवारी २०२४

चौदावा दिवस. एक अंडे गेले. एकोणीस राहिली.

२४ फेब्रुवारी २०२४

अठरावा दिवस. वजनासाठी ठेवलेले अंडे सुरुवातीला ४३.५ ग्रॅम होते, आज ३८.२ भरले. घट १२.२ टक्के. टॉर्चवर हवेची पोकळी अंड्याच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी दिसली आणि तिची कड तिरकी झाली आहे. पाण्याच्या दोन वाट्या आणि ओला स्पंज ठेवून आर्द्रता ६८ वर आणली, चौकट काढली, कापड अंथरले, भिंतीतली आणखी दोन भोके उघडली. आता झाकण लावले आहे आणि पिल्ले सुकेपर्यंत ते उघडायचे नाही. पाणी घालायला सलाइनची नळी आधीच आत सोडून ठेवली आहे.

२७ फेब्रुवारी २०२४

काल सायंकाळी पाचला अकराव्या अंड्यावर पहिला टोचा पडला. खोलीत शांतता असेल तर पेटीला कान लावून आतली चिवचिव ऐकू येत होती. अंड्यातल्या अंड्यात पिल्ले एकमेकांना ओ देत असतात.

आज सकाळी साडेसहा ते सात या वेळात तेच अंडे मी काचेतून पाहिले. चोचीच्या टोकावरचा पांढरा कठीण दाणा चिरेतून बाहेर आला, कवचाचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा उडाला, आणि मग पिल्लू थांबले. चार-पाच श्वासांनंतर ते आत किंचित सरकले आणि पुढचा तुकडा पडला. असे थांबत-थांबत त्याने बोथट टोकाभोवती गोल चीर नेली. शेवटच्या दोन बोटांच्या अंतरावर मात्र थांबणे संपले आणि मानेच्या तीन झटक्यांत टोपी उघडावी तसे कवच बाजूला झाले. पिल्लू ओले, मान टाकून, तसेच पडून राहिले. दुपारी बारापर्यंत ते सुकून फुललेले होते आणि दुसऱ्या अंड्यावर चढून बसले होते.

रात्री नऊपर्यंत सतरा पिल्ले झाली. झाकण उघडले नाही. बलक पोटात घेऊनच पिल्लू जन्मते, त्यामुळे दोन दिवस त्याला दाणापाण्याची निकड नसते.

२८ फेब्रुवारी २०२४

उरलेली दोन अंडी आज संध्याकाळपर्यंत फुटली नाहीत. उघडली, एकात पिल्लू उलटे, डोके टोकदार बाजूला असलेले होते, आणि दुसऱ्यात वाढ आधीच थांबली होती. चोवीसांतून सतरा, म्हणजे फळलेल्या एकवीस अंड्यांमागे शेकडा ८१. वीजमीटरच्या हिशेबाने या खेपेला सुमारे बारा युनिट लागले.

तांबडीच्या नऊ अंड्यांतून आज आठ पिल्ले निघाली. रात्री नऊला, दिवा न लावता, आईने पेटीतली सहा पिल्ले एकेक करून तिच्या पंखाखाली सरकवली. दिवसाउजेडी परके पिल्लू दिसले तर कोंबडी टोचते. अंधारात हाताच्या उबेसकट ठेवले तर ती त्याला आपलेच धरते. उरलेल्या अकरांसाठी पुठ्ठ्याच्या खोक्यात भाताचे तूस पसरून, वर वर्तमानपत्र घालून ६० वॅटचा बल्ब टांगला आहे. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, आणि पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी करायचे. आधी गुळाचे पाणी दिले, दोन तासांनी मक्याची बारीक भरड.

२९ फेब्रुवारी २०२४

सकाळी डालगे उचलले. तांबडी बाहेर आली, पायाने माती उकरली आणि दाणा दाखवण्याचा तिचा विशिष्ट आवाज काढला. चौदाच्या चौदा पिल्ले धावली. त्यांतली सहा कोणती, हे आता ओळखू येत नाही.

५ मार्च २०२४

सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लासोटा लस डोळ्यांत एकेक थेंब दिली. लसीची कुपी शंभर मात्रांची असते आणि एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आजूबाजूच्या चार मळ्यांना आदल्या दिवशी निरोप दिला होता. त्यांचीही मिळून साठ-एक पिल्ले पाट्यांतून आली. कुपी बर्फाच्या डब्यात ठेवली होती. पहिल्या खेपेतले डळमळीत पायांचे एक पिल्लू दुसऱ्या आठवड्यात गेले. उरलेली आठ मोठी झाली आहेत.

शेजारच्या मळ्यातल्या काकूंनी स्पोकच्या चौकटीची मापे लिहून नेली. त्यांच्याकडे खोके आहे, थर्मोस्टॅट त्या शनिवारी आणणार आहेत. तांब्या आणि थर्मामीटर घेऊन रविवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे.